खांबाशी फुगडी

आई गेल्यानंतरही तिच्याशी रोज फुगडी घालणारी एक बाई मिरजेत होती, आणि ती माझी सख्खी आत्या. शाळेत हे कुणाला सांगितलं असतं तर मुख्याध्यापकांनी मला सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं. मी नववीला विज्ञान शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि यात भूत नव्हतंच. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून काढलेलं एक यंत्र होतं. त्या यंत्रात माझ्या आईच्या हातांची ओढ भरून ठेवलेली होती.

आपल्याकडे म्हाताऱ्यांची संख्या वाढली तशी त्यांच्या पडण्याची जणू साथच आली. ज्या घरी जावं तिथे कुणाचं तरी खुब्याचं हाड मोडलेलं. मग गावोगाव तोलकेंद्रं निघाली. सुरुवातीला तिथे आजी-आजोबांना सरकत्या पट्ट्यावर सरळ चालवायचे, पण त्याचा काही उपयोग होईना. माणूस सरळ चालताना सहसा पडत नाही. वळताना पडतो, कुणी हाक मारली म्हणून मागे बघताना पडतो, रिक्षातून उतरताना पडतो. शरीर ज्या दिशेने निघालेलं असतं त्याच दिशेने त्याला पुढे जायचं असतं. एसटी वळली की आपण बाहेर फेकले गेलो असं आपल्याला वाटतं; खरं तर आपण सरळच निघालेले असतो, वळते ती एसटी. शरीराला वळायचं असेल तर कुणीतरी आतल्या बाजूला ओढावं लागतं.

ही ओढ अंगात मुरवायला फुगडीसारखा दुसरा खेळ नाही, हे पुण्यातल्या कुण्या संशोधक बाईंच्या लक्षात आलं. दोघी जणी समोरासमोर पाय जुळवतात, हातांची अढी घालतात आणि मागे रेलतात. एकटी रेलली तर आडवी होईल. दोघी रेलतात म्हणून दोघी उभ्या राहतात. प्रत्येक पावलाला दोघींची शरीरं सरळ निघून जाऊ बघतात आणि दोघी एकमेकींना आत ओढून वळवतात. हात सुटले तर दोन्ही बाजूंच्या भिंती गाठायच्या.

आता सत्तरीच्या बाईला रोज जोडीदारीण कुठून आणायची? म्हणून हे यंत्र. गोल चौथऱ्यावर फिरणारा माणसाएवढा खांब, त्याच्या आत पुढेमागे सरकणारी वजनं, म्हणजे तो मागे रेलू शकतो, आणि पुढे दोन रबरी मुठी. मुठी समोरच्या बाईची ओढ मोजतात आणि तिला ओढ देतात. कंपनीने त्याचं नाव ‘सोबतीण’ ठेवलं होतं. बायका त्याला खांबच म्हणायच्या.

ओढ कशी द्यायची हे खांबाला शिकवायला खरी जोडी हवी होती, आणि मिरजेत ती शोधावी लागली नाही. आमच्या मंगळागौर मंडळात भारतीआत्या आणि माझी आई नीलिमा, या नणंद-भावजयीची जोडी आई लग्न होऊन आली त्या श्रावणापासूनची. दोघींना मोजणारे पातळ हातमोजे घालून केंद्राने कित्येक महिने फुगड्या घालायला लावल्या. यांना काय, तेच हवं होतं.

दोघींची एक रीत होती. थांबायची वेळ झाली की ‘बास’ म्हणायचं ते आत्याने. आई कधी म्हणायची नाही. आत्याने तसं बजावलं होतं म्हणावं तर तेही नाही, पण थोरल्या नणंदेच्या आधी आपण थांबायचं हे आईला अवघड वाटायचं आणि पुढे ते तिच्या अंगवळणी पडलं. मंडळातल्या बायका यावरून दोघींना खूप चिडवायच्या.

मोज्यांचं काम संपलं त्या वर्षीच्या श्रावणात, मंगळागौरीच्या तालमीच्या वेळी फुगडी चालू असताना आईचे हात सुटले. वेग उतरला होता म्हणून ती पडली नाही. मागे सरकत गेली, भिंतीला टेकून खाली बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपली. हृदय आधीपासूनच अशक्त होतं, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्या बायकांपैकी एक बोलून गेली की त्या दिवशी फुगडी नेहमीपेक्षा लांबली होती. ती बोलून गेली आणि माझ्या मनात ते रुतून बसलं. आत्याने लग्न केलं नव्हतं, ती आमच्याच घरी खालच्या मजल्यावर राहायची. मी तिला दोन वेळचं जेवण नेत होते, गोळ्या देत होते, आणि तिच्यासमोर ताट ठेवताना दर वेळी माझ्या मनात येत होतं, की त्या दिवशी बास म्हणायला तुला काय झालं होतं? मला तिचा राग येत होता. तो मी दाखवत नव्हते, एवढंच.

आणि ही बाई पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तोलकेंद्रात जाऊन खांबाशी फुगडी घालायला लागली.

केंद्राची यंत्रं तौफिक मुजावर सांभाळायचा. त्याचाच एकदा फोन आला. आत्याबाईंचं मनगट सुजलंय, त्या आमचं ऐकत नाहीत, तुम्ही स्वतः येऊन बघा, असं तो म्हणाला. मी सुट्टीच्या दिवशी गेले. तोवर मी ते यंत्र मुद्दामच पाहिलं नव्हतं.

आत्याने चपला काढल्या, पदर खोचला, छतातून येणारा पट्टा कमरेला अडकवून घेतला आणि हात पुढे केले. खांब सरकत तिच्यासमोर आला. मुठी तिच्या बोटांवर मिटल्या. मग खांब जागच्या जागी थोडा डोलला, एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अंगात ताल येईपर्यंत आई अशीच डोलायची. तोंड नसलेला, डोळे नसलेला तो राखाडी खांब माझ्या आईसारखा डोलत होता, आणि त्याच्यासमोर माझी आत्या हसत होती.

फुगडी चढत गेली. आत्याचा अंबाडा सुटला. मग खांब हळूच सैलावला. उघड्या डोळ्यांना दिसेल इतका नाही, पण आत्याच्या दंडांवरून कळलं. तिने टाचा रोवल्या आणि जोरात ओढलं. खांब पुन्हा चढला. थोड्या वेळाने पुन्हा सैलावला. तिने पुन्हा ओढलं. तिचा श्वास मला दारापाशी ऐकू येत होता. शेवटी तौफिकने बटण दाबून सगळं थांबवलं तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू पोरीच्या तोंडचा घास कुणी काढून घेतला होता.

तौफिकने मला पडद्यावर ओढीची रेघ दाखवली. रोज हे असंच होतं, तो म्हणाला. आणि मागच्या नोंदींतही तेच होतं. दोघींच्या प्रत्येक फुगडीत शेवटाकडे ओढ सैल व्हायची, मग आत्याबाई बास म्हणायच्या आणि दोघी थांबायच्या. खांब तेच शिकला होता. सैल होऊन पाहायचं. समोरची थांबली तर थांबायचं, ओढू लागली तर खेळ चालू आहे असं समजायचं. तोंडाने बास म्हटलेलं त्याला कळत नाही, त्याला कान बसवलेलेच नाहीत. आणि आता आत्याबाई थांबतच नाहीत.

मला सगळा उलगडा झाला, असं मला वाटलं.

घरी येताना आम्ही बिनचालकाची रिक्षा केली. अशा रिक्षात दोन्ही बाकं समोरासमोर असतात, त्यामुळे एकमेकींकडे न बघण्याची सोय नाही. आत्या मनगट चोळत होती. मी ठरवून बोलले.

“आत्या, आई दमायची. तोंडाने म्हणता येत नव्हतं, म्हणून हात सैल करून सांगायची की आता थांबू या. त्या दिवशीही तिने सांगितलं असणार. तू ओढत राहिलीस. आणि अजून ओढतेस. मेल्यावर तरी तिला थांबू दे.”

रिक्षा स्टेशन रोडकडे वळली तशा आम्ही दोघी एकाच बाजूला कलंडलो आणि पुन्हा सावरून बसलो. आत्याने मनगट चोळणं थांबवलं.

“मला वाटायचं माझेच हात सुटतायत,” ती म्हणाली. “म्हणून मी आवळून धरायचे.”

मी खिडकीबाहेर बघितलं. वेळ मारून नेते आहे, असं मला वाटलं. इतक्या वर्षांचं खेळणं, आणि हिला म्हणे कळत नव्हतं कुणाचे हात सुटतायत!

दुसऱ्या दिवसापासून आत्या केंद्रात गेली नाही. मंडळातही गेली नाही. भिंतीला हात लावून चालू लागली. दारावरची घंटा वाजली की उठायची, अर्ध्यात पोचायची आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहायची. जेवण निम्मं ठेवायची. मला जे हवं होतं ते झालं होतं, तरी मला बरं वाटत नव्हतं. रागाला आता जागा उरली नव्हती आणि तो जातही नव्हता.

नववीचा गतीच्या नियमांचा धडा मी दरवर्षी एका प्रयोगाने सुरू करते. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवायचे, एक टोक एका मुलीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. मुलींपुढे पुठ्ठे धरायचे, म्हणजे वर्गाला मुली दिसत नाहीत, फक्त काटे दिसतात. मग वर्गाला विचारायचं, आता कोण ओढतंय? वर्ग दोन्हीकडची नावं ओरडतो. काटे दोन्ही सारखेच दाखवतात. एकीने कितीही जोर लावला, दुसरी नुसती धरून उभी राहिली, तरी काटे सारखेच. एकीने हात सैल केला तरी दोन्ही काटे एकदमच उतरतात. ओढ ही एकीची नसते, ती दोघींच्या मध्ये असते. तिसरा नियम हाच, आणि मी तो इतक्या वेळा सांगितलाय की फळ्याकडे न बघता लिहिते.

त्या दिवशी काटे उतरले आणि मी सवयीने विचारलं, “सांगा, आधी हात कुणी सैल केला?”

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, काट्यावरून ते कळणारच नाही, बाई.

मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी खडू हातात धरून उभीच राहिले. एखाद्या मुलाने पेपरात लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती, ते मी आत्याला रिक्षात सुनावलं होतं. रेघ सैल झालेली दिसली होती. आई दमली होती म्हणून, की आत्या दमली होती म्हणून, की एकीला दुसरी दमल्याचं जाणवलं म्हणून, हे त्या रेघेत कुठेच नव्हतं. मला जे ऐकायचं होतं ते मी तिच्यात वाचलं होतं.

शाळा सुटल्यावर मी तडक केंद्रात गेले आणि मला खांबाचे हात धरू दे, असं तौफिकला म्हटलं. त्याने पट्टा बांधला. खांब आला, डोलला. मी डोळे मिटले. आईशी मी कधी फुगडी घातली नव्हती, मला लहानपणापासून गरगरतं. मला वाटलं होतं, निदान आता तिचे हात लागतील.

पण ती ओढ माझ्यासाठी नव्हती. आत्याच्या वजनाला, आत्याच्या उंचीला बेतलेली होती. मी खेचली जात होते, पाय घसरत होते, दोन पावलं नीट पडत नव्हती. आई मला ओळखत नव्हती. मग मुठी सैल झाल्या, आणि मी सैल केल्या की त्यांनी, हे मला, प्रत्यक्ष हात धरून उभ्या असलेल्या मला, सांगता आलं नाही. मी रडायला लागले, आणि गंमत म्हणजे तौफिकने ते चक्कर आल्यामुळे आहे असं समजून मला लिंबूपाणी आणून दिलं.

मी त्याला विचारलं, यात आई कितपत आहे?

“मॅडम, खरं सांगू का,” तो म्हणाला. “मोज्यांनी मोजलं ते दोघींच्या हातांमधलं. त्यातून एक बाजू वेगळी काढता येत नाही. फाइलला नीलिमाबाईंचं नाव दिलं ते आम्ही. अर्ध्या त्या, अर्ध्या आत्याबाई.”

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. आत्या पलंगावर बसून होती. मी तिला धरून गच्चीवर नेलं आणि फुगडी घाल म्हटलं. ती नको म्हणाली, मग तुला गरगरेल म्हणाली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पदर खोचला.

सुरुवातीला मी तिच्या पायात पाय अडकवले. मग तिने मला वेग दिला, आणि मी मागे रेलले, आणि पडले नाही. समोरचा माणूस धरून ठेवतो म्हणजे काय ते मला त्या वयात कळलं. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, मिरासाहेबांच्या दर्ग्याचा घुमट, सगळं एका पट्ट्यासारखं फिरत होतं आणि मध्ये फक्त आत्याचा चेहरा स्थिर होता.

तेवढ्यात मला ते जाणवलं. दर दुसऱ्या पावलाला, माझा डावा पाय टेकताना, आत्याचा डावा हात मला किंचित वर उचलत होता. आधी वाटलं मनगट दुखतंय. पण ते न चुकता होत होतं, आणि फक्त डाव्या पायालाच. आईचा डावा गुडघा अधू होता. जिना उतरताना ती त्या पायावर भार द्यायची नाही. माझा गुडघा धडधाकट आहे, तरी मला उचललं जात होतं. समोर आता मी आहे हे आत्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तो अजून आईलाच सावरत होता, प्रत्येक फेरीत, जसा इतकी वर्षं सावरत आला होता. जी आई मला खांबात सापडली नाही ती इथे होती, आत्याच्या हाताने तिच्यासाठी सोडलेल्या जागेत. आणि त्या जागेत मी फिरत होते.

मग हात सैल झाले. आम्ही मंदावलो आणि थांबलो. गच्ची अजून फिरत होती.

“दमलीस ना?” आत्याने विचारलं. “सैल केलेस म्हणून विचारलं.”

“मी नाही केले. मला वाटलं तू केलेस.”

“मी नाही,” आत्या म्हणाली.

आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. वाऱ्याने चादर फडफडली तशी आम्ही दोघींनी एकदमच तिकडे बघितलं. तिथे चादरच होती.

मी तिला सांगितलं की रिक्षात मी जे बोलले ते चूक होतं, की आधी कोण थांबू पाहत होतं हे कुणालाच कळण्यासारखं नाही, यंत्रालाही नाही आणि मलाही नाही. आत्याने मान हलवली. तिला त्याने बरं वाटलं नाही, ते मला दिसलं. न कळणं हेही काही हलकं ओझं नव्हतं.

“त्या दिवशी बास म्हणायचं राहिलं गं,” ती म्हणाली. “कुणीच म्हटलं नाही. नुसते हात सुटले. रोज ठरवून जाते, आज म्हणायचं. आणि ती सैल झाली की वाटतं, म्हटलं की गेली. एकटीच्यानं होत नाही. येशील का?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तौफिकला बटणापासून लांब उभं राहायला सांगितलं. आत्याने हात पुढे केले, तिच्या हातांवर मी माझे ठेवले, खांबाच्या मुठी आमच्या चारही हातांवर मिटल्या. खांब डोलला. आम्ही तिघी अगदी हळू फिरलो, लहान मुलींना शिकवताना फिरतात तशा. थोड्याच वेळात ओढ उतरू लागली. आत्याचे दंड ताठले.

“बास गं नीलिमा,” आत्या म्हणाली. “पुष्कळ झालं.”

तिने ओढलं नाही, म्हणून खांब मंदावला आणि उभा राहिला. यात नवल काही नाही, नियमच आहे तो. मुठी मात्र लगेच उघडल्या नाहीत. तौफिक पुढे येऊ लागला, त्याला मी मानेनेच नको म्हटलं. आम्ही दोघी हात तसेच ठेवून त्या उघडायची वाट बघत राहिलो.